काकांची सीडी



दिवाळीला गावी गेलो होतो. आमचं गाव भालकी तालुक्यातलं. फराळाचं ताट पुढे यायच्या आधीच काकूंनी कपाटातून एक पिशवी काढून माझ्या हातात दिली. आत एक सीडी आणि तीन पानांचा इंग्रजी रिपोर्ट. काकू म्हणाल्या, "तू काम्पुटरचा इंजिनिअर हाईस ना, बघ बरं ह्यात काय हाय."

माझ्या लॅपटॉपला सीडी घालायला जागाच नाही. शेवटी झेरॉक्सच्या दुकानातल्या जुन्या कॉम्प्युटरवर ती उघडून सगळं पेनड्राइव्हवर घेतलं. घरी येऊन बघतो तर शेकडो करडी चित्रं. वर-खाली सरकवत राहिलो. काका, काकू, बाबा सगळे माझ्या तोंडाकडे बघत होते. बी.ई. होऊन बारा वर्षं झाली, रोज स्क्रीनपुढेच बसतो, पण त्यातलं मला काहीएक कळलं नाही. तरी मान हलवली. या महिन्याचं सदर त्या मान हलवण्याचं प्रायश्चित्त म्हणून लिहितोय.

आधी काकांचं सांगतो. ते निवृत्त शिक्षक, वय ६८. दोन वर्षं रात्री चार-चार वेळा लघवीला उठत होते, पण कोणाला सांगितलं नाही. विचारलं तर म्हणायचे, "वयाचं हाय सगळं." शेवटी डॉक्टरांकडे गेले. प्रोस्टेट, म्हणजे मूत्राशयाच्या खाली असलेली अक्रोडाएवढी ग्रंथी, वाढलेली निघाली. उतारवयात ती बहुतेकांची वाढते आणि ती वाढ म्हणजे कॅन्सर नव्हे. पण सोबत केलेल्या रक्ताच्या पीएसए तपासणीत आकडा जास्त आला, म्हणून एमआरआय झाला. ज्या सेंटरमध्ये केला तिथे नुसता कागद हातात दिला. पुढच्या डॉक्टरांनी चित्रं मागितली तेव्हा सेंटरवाले म्हणाले, "आता ती आमच्याकडे नाहीत." पुन्हा पैसे भरून दुसरीकडे एमआरआय करावा लागला. म्हणून ही दुसरी सीडी काकूंनी दागिन्यांच्या शेजारी ठेवली होती.

त्या चित्रांत एक संशयाचा डाग दिसला. सुईने तुकडा काढून तपासला. कॅन्सरच निघाला, पण सौम्य जातीचा आणि ग्रंथीच्या आतच. डॉक्टर म्हणाले, "आत्ता ऑपरेशन नको, रेडिएशन नको. ठरलेल्या वेळी पीएसए आणि एमआरआय करत राहू. बदल दिसला तर उपचार करू."

इथेच घरात वाद सुरू झाला. काकूंचं म्हणणं, "कॅन्सर हाय म्हणतेत आन् औषध नाही म्हणतेत, ही कसली तऱ्हा? डॉक्टरनं हात टेकले काय?" चुलतभाऊ म्हणाला, हैदराबादला नेऊन काढूनच टाकू. आणि काका? ते गप्पच.

मी पुण्याला परत आलो आणि वाचायला बसलो. पहिली गोष्ट ही कळली की डॉक्टरांनी हात टेकले नव्हते. ब्रिटनमध्ये 'प्रोटेक्ट' नावाचा मोठा अभ्यास झाला. पीएसएवरून कॅन्सर सापडलेले, पण तो प्रोस्टेटपुरताच असलेले १६४३ पुरुष त्यात होते. काहींचं ऑपरेशन केलं, काहींना रेडिएशन दिलं, काहींवर फक्त लक्ष ठेवलं. १५ वर्षांनी, २०२३ साली निकाल आला. तिन्ही गटांत मिळून प्रोस्टेटच्या कॅन्सरने दगावलेले ३ टक्क्यांहून कमी, आणि गटागटांत फारसा फरक नाही. ज्यांच्यावर लक्ष ठेवलं त्यांतल्या बऱ्याच जणांना पुढे कधीतरी उपचार घ्यावे लागले. पण ऑपरेशननंतर लघवीवर ताबा न राहण्यासारखे जे त्रास होतात, ते इतरांना गरज नसताना सोसावे लागले नाहीत.

म्हणजे खरा प्रश्न 'कॅन्सर आहे का' एवढाच नाही. 'हा झोपलेला आहे की उठून धावणारा आहे' हाही आहे. आणि हे ओळखायचं काम मोठ्या प्रमाणात चित्रांवर आलं आहे. पूर्वी पीएसए वाढला की सोनोग्राफीच्या आधाराने ग्रंथीत ठरावीक दहा-बारा ठिकाणी सुया घालून तुकडे काढायचे. डाग नेमका कुठे हे दिसत नसल्याने ते जवळजवळ अंधारात चाचपडणंच होतं. २०१७ साली ब्रिटनमधल्या 'प्रॉमिस' अभ्यासात ५७६ पुरुषांवर दोन्ही पद्धती ताडून पाहिल्या. धोक्याच्या कॅन्सरपैकी एमआरआयने ९३ टक्के पकडले आणि जुन्या पद्धतीच्या सुईने ४८ टक्के. शिवाय आधी एमआरआय केला तर सुमारे चौथा हिस्सा लोकांची सुई टळू शकते, असंही दिसलं.

हे वाचताना एक नाव पुन्हा पुन्हा समोर येत होतं, अनंत मदभुषी. आडनाव तेलुगू वळणाचं, म्हणजे आपल्या बीदरकडे अगदी ओळखीचं. हे डॉक्टर नाहीत, इंजिनिअर आहेत. १९९८ साली मुंबई विद्यापीठातून बायोमेडिकल इंजिनिअरिंगची पदवी घेतली, मग अमेरिकेत टेक्सास आणि पेनसिल्व्हेनिया इथे पुढचं शिक्षण. आधी रटगर्स, नंतर क्लीव्हलंडचं केस वेस्टर्न रिझर्व्ह विद्यापीठ आणि २०२२ पासून अटलांटाचं एमरी विद्यापीठ. प्रोस्टेटच्या कॅन्सरची चित्रं कॉम्प्युटरकडून वाचून घेणं हा त्यांच्या कामाचा एक मोठा भाग.

कॉम्प्युटर चित्र वाचतो म्हणजे काय, ते आपल्या भाषेत सांगतो. काकांच्या सीडीतलं प्रत्येक चित्र म्हणजे आकड्यांचा एक तक्ता. काळ्याला लहान आकडा, पांढऱ्याला मोठा. आपल्या डोळ्याला करडा डाग दिसतो. प्रोग्राम मात्र शेजारशेजारचे आकडे किती सारखे, किती विस्कटलेले, हे मोजतो. तिफणीने पेरलेलं ज्वारीचं रान आणि तण माजलेलं रान लांबून दोन्ही हिरवीच दिसतात. जवळ जाऊन ओळी मोजल्या की फरक कळतो. तसंच हे. बीदरचं बिदरी काम पाहिलं असेल तर आणखी सोपं. चांदीची तार धातूत आधीच बसवलेली असते, पण किल्ल्यातली माती लावून धातू काळा करेपर्यंत नक्षी उठून दिसत नाही. चित्रात माहिती आधीपासून असते, ती वर काढायला गणित लागतं.

मदभुषींच्या गटाने २०१८ साली नेमक्या काकांसारख्या, म्हणजे फक्त देखरेखीवर असलेल्या रुग्णांच्या एमआरआयवर हे करून पाहिलं. धोक्याचा कोण आणि बिनधोक कोण, हे अशा मोजमापांतून वेगळं काढायला मदत होते असं त्यांना दिसलं. २०२० साली त्यांनी वेगवेगळ्या हॉस्पिटलांची चित्रं घेऊन गाठीच्या आतल्यासोबत तिच्या भोवतालच्या भागाचंही मोजमाप केलं. दोन्ही एकत्र घेतल्यावर अंदाज सुधारला. गाठीइतकंच तिचं शेजारपाजारही बोलतं, असं म्हणा.

पण मला सगळ्यात जास्त विचार करायला लावला तो त्याच वर्षीच्या दुसऱ्या एका कामाने. त्यात ऑपरेशन करून काढलेल्या प्रोस्टेटच्या पातळ कापांची चित्रं होती. पेशींच्या गटांमधल्या भरावाची ठेवण पाहून कॅन्सर परत येईल का, हे सांगायचा प्रयत्न होता. कृष्णवर्णीय रुग्णांसाठी वेगळा प्रोग्राम तयार केला, तेव्हा सगळ्यांच्या मिळून केलेल्या प्रोग्रामपेक्षा त्यांच्याबाबतीत तो जास्त बरोबर निघाला.

सॉफ्टवेअरवाल्यांना यात नवल वाटणार नाही. प्रोग्रामला जे दाखवाल तेच तो शिकतो. मग भालकी, औराद, बसवकल्याण, आळंदच्या काकांची चित्रं त्याने कधी पाहिलीच नसतील, तर त्यांच्याबद्दल तो किती खात्रीने बोलणार? आपल्या रुग्णांची चित्रं एखाद्या सेंटरमध्ये पुसली जातात तेव्हा एका घराचे पैसे जातात हे तर झालंच, पण पुढच्या पिढीच्या शिकण्यातून आपला भागही गळतो.

यातलं काहीही अजून काकांच्या रिपोर्टमध्ये आलेलं नाही. त्यांची चित्रं माणसाच्या डोळ्यांनीच वाचली आणि निर्णय डॉक्टरांनीच घेतला. काकूंना फोनवर मी एवढंच सांगितलं, "काकू, डॉक्टरांनी सोडून दिलेलं नाही. राखण बसवली आहे. राखणदार झोपू नये, एवढं आपण बघायचं. तारीख चुकवायची नाही." त्या थोडा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "मग ती सीडी जपून ठिवावी लागंल." म्हटलं, "तीच तर मोठी गोष्ट आहे." पुढच्या एमआरआयच्या वेळी जुन्या चित्राशी नवं ताडूनच बदल कळणार.

आता आपल्यासाठी, म्हणजे पुण्या-बेंगळुरू-हैदराबादला बसलेल्या मुलांसाठी तीन गोष्टी. एक, कोणतंही स्कॅन झालं की कागदासोबत चित्रंही मागून घ्या आणि घरात दोन ठिकाणी ठेवा. दोन, पन्नाशी ओलांडलेल्या वडिलांना, काका-मामांना लघवीबद्दल सरळ विचारा आणि पीएसए करावी का हे डॉक्टरांना विचारायला लावा. सुरुवातीला या कॅन्सरला बहुतेक वेळा लक्षणच नसतं, म्हणून 'मला काही त्रास नाही' हे पुरेसं उत्तर नाही. तीन, सख्ख्या भावाला किंवा वडिलांना हा आजार असेल तर धोका साधारण दुप्पट होतो.

तिसरी गोष्ट लिहिताना हात थांबला. काका म्हणजे माझ्या बाबांचे सख्खे भाऊ. सगळ्यांना शहाणपण सांगत होतो, पण बाबांशी हा विषय काढायला मला दोन महिने लागले. गेल्या रविवारी फोनवर एकदाचं बोललो. खूप वेळ पलीकडून काही आवाज नाही. मग म्हणाले, "रक्तच काढायचं ना? तू आलास की जाऊ."

पुढच्या शनिवारी गावी जातोय. तुम्हीही तुमच्या घरी एक फोन करा. पुढच्या महिन्यात भेटूच.