कव्हर टॅबलेटचे, परीक्षा कोपऱ्याची

टॅबलेट हातातून निसटला की सहसा सपाट पडत नाही; एखादा कोपरा आधी फरशीला टेकतो. धक्क्याचा सगळा जोर नखाएवढ्या जागेत एकवटतो आणि तिथूनच काचेला तडा जातो. म्हणून दुकानात कव्हर हाती आल्यावर रंग-नक्षी नंतर पाहावी, आधी कोपरे अंगठ्याने दाबावेत. टीपीयू या रबरासारख्या प्लॅस्टिकचे कोपरे किंचित दबून पूर्ववत होतात. आत थोडी पोकळी ठेवलेले असतील तर अधिक चांगले. नुसत्या कडक पॉलिकार्बोनेटचे कव्हर ओरखडे अडवते, धक्का मात्र बराचसा आत पोचवते. कव्हरची कड स्क्रीनपेक्षा मिलिमीटरभर तरी उंच हवी, म्हणजे टॅबलेट सपाट जागी पालथा पडला तरी काच टेकत नाही. वरून टेंपर्ड ग्लास लावायची असेल, तर कड तिच्याही वर राहायला हवी. हा हिशेब हमखास विसरला जातो.

अर्थात माप जुळले तरच हे सारे उपयोगाचे. ‘अकरा इंची टॅबचे कव्हर द्या’ ही मागणीच अपुरी, कारण इंचात सांगतात तो स्क्रीनचा कर्ण. दहाव्या पिढीचा आयपॅड आणि पाचव्या पिढीचा आयपॅड एअर, दोन्ही २०२२चे आणि दोन्ही १०.९ इंची; पण पहिला ७ मिमी जाड, दुसरा ६.१ मिमी. लांबी-रुंदीतही एकेक मिलिमीटरचा फरक आहे. एवढ्यानेही एकाचे कव्हर दुसऱ्याला नीट बसत नाही. उलट सातव्या, आठव्या आणि नवव्या पिढीच्या १०.२ इंची आयपॅडना एकच कव्हर चालते. तेव्हा सेटिंग्जमधला मॉडेल क्रमांक टिपून न्यावा. रबरी पट्ट्यांचे ‘युनिव्हर्सल’ कव्हर स्वस्त पडते, पण त्याचा पट्टा नेमका बटणावर किंवा स्पीकरवर येण्याची शक्यता असते.

खोक्यावरच्या ‘मिलिटरी ग्रेड’ या शब्दांना फार भुलू नये. अमेरिकी लष्कराच्या ‘८१०जी’ या मानकातील एका चाचणीत वस्तू ४८ इंचांवरून २६ वेळा पाडतात. मात्र खाली काँक्रीटवर लाकडी प्लायवूड असते आणि हे २६ आघात पाच नगांमध्ये वाटून देण्याची मुभाही असते. घरातली फरशी एवढी दयाळू नसते.

उघडमीट होणारे फ्लिप कव्हर २०११च्या आयपॅड २ बरोबर लोकप्रिय झाले. त्यातले चुंबक जवळ येताच टॅबलेटमधला हॉल सेन्सर स्क्रीन बंद करतो. घडी घातली की त्याचाच स्टँड होतो. अभ्यासाला आणि व्हिडिओ कॉलला ही सोय मोठी. मात्र ओट्यावर टॅबलेट उभा करून रेसिपी पाहणाऱ्या घरात कापडी फ्लिप नको. हळदीचा हात एकदा लागला की तो डाग कव्हरसोबतच जातो. तिथे पुसता येणारे सिलिकॉन बरे. लहान मुलांसाठी मूठ असलेले जाड फोमचे कव्हर बोजड दिसते, पण आघात तेच सर्वांत चांगला झेलते.

कोणतेही कव्हर घेतले तरी पंधरा दिवसांनी उतरवून आतून पुसावे. मधे अडकलेली बारीक वाळू टॅबलेटची पाठ घासून काढते. पारदर्शक टीपीयू काही महिन्यांत पिवळे पडू लागते. तो पिवळेपणा मळाचा नसतो, प्लॅस्टिकचाच असतो, त्यामुळे धुऊन जात नाही.