जमीन कुणाची? इतिहासाच्या तासाला विचारावयाचा प्रश्न

इतिहास हा सनावळ्यांचा विषय म्हणून शाळेत बदनाम आहे, आणि ही बदनामी अकारण नाही. आठवी-नववीतील तेरा-चौदा वर्षांच्या मुलांपुढे राजे, तह, लढाया आणि कायदे यांची रास ओतली जाते; परीक्षेपुरती ती पाठ होते आणि सुटीत विसरली जाते. यावर अमेरिकेतील शिक्षणतज्ज्ञांनी एक उपाय सुचविला. वर्षभराचा अभ्यास मोजक्या मोठ्या प्रश्नांभोवती बांधावा आणि प्रत्येक धडा त्या प्रश्नाचा एकेक पुरावा म्हणून वाचावा, असा तो उपाय होय. 1984 साली थिओडोर सायझर यांच्या पुढाकाराने उभ्या राहिलेल्या शाळांच्या चळवळीने या विचाराला बळ दिले. कळवणसारख्या आदिवासी तालुक्यातील कार्यकर्त्याने याची दखल का घ्यावी, असे कोणी विचारील. या विचाराचे नाते महाराष्ट्राशी, त्यातही कष्टकऱ्यांच्या चळवळीशी, फार जुने आहे, हे त्याचे पहिले उत्तर.

महात्मा फुले यांनी 1873 साली ‘गुलामगिरी’ प्रसिद्ध केले. गुलामांच्या मुक्तीसाठी निरपेक्षपणे झटलेल्या अमेरिकेतील सदाचारी लोकांना त्यांनी ते अर्पण केले. ग्रंथाची रचना संवादाची आहे; धोंडिबा विचारतो आणि जोतीराव सांगतात. दूरच्या अमेरिकेचा इतिहास आपल्याकडील शूद्रातिशूद्रांच्या स्थितीशेजारी ठेवून ‘हे असे का झाले?’ हा प्रश्न मराठी वाचकापुढे त्यांनी त्या काळी मांडला. पुढे डॉ. आंबेडकर कोलंबिया विद्यापीठात ज्या जॉन ड्यूई यांच्या वर्गात बसले, त्यांनीही शिक्षणाचा पाया पाठांतरावर न ठेवता अनुभव आणि चौकशी यांवर ठेवला होता. प्रश्नांनी शिकविण्याची रीत ही परदेशी चैन नव्हे. ती परिवर्तनवादी चळवळीची स्वतःची मिळकत आहे.

अमेरिकेचाच इतिहास घ्यावा. 1776 च्या जाहीरनाम्याने सर्व माणसे समान असल्याचे घोषित केले, एवढे वाक्य पाठ करून मूल पुढच्या धड्याकडे वळते. परंतु ‘स्वातंत्र्य कुणाला मिळाले?’ हा एकच प्रश्न फळ्यावर लिहिला, की त्याच सनावळ्या बोलू लागतात. गुलामगिरी घटनेने संपविली 1865 साली, म्हणजे 89 वर्षांनी. स्त्रियांच्या मताधिकाराला घटनेचे संरक्षण मिळाले 1920 साली. आणि ज्यांची ती मूळ भूमी होती, त्या सर्व आदिवासींना नागरिकत्व देणारा कायदा झाला 1924 साली. तारखा त्याच; परंतु आता मूल त्या पाठ करीत नाही, त्यांचा हिशेब मागते.

दुसरा प्रश्न जमिनीचा. 1830 च्या कायद्याने मिसिसिपी नदीच्या पूर्वेकडील आदिवासींना पश्चिमेकडे हुसकण्यात आले. 1887 च्या डॉज कायद्याने जमातीची सामाईक जमीन कुटुंबवार वाटली आणि ‘उरलेली’ जमीन गोऱ्या वसाहतवाल्यांसाठी मोकळी केली. त्या वर्षी आदिवासींकडे सुमारे 13.8 कोटी एकर जमीन होती. 1934 साली ती सुमारे 4.8 कोटी एकर उरली. ही लूट तलवारीने झाली, तशीच कागदाने आणि कायद्यानेही झाली. जंगलात पिढ्यान्‌पिढ्या नांगर धरणाऱ्या घरातील मुलाला हे वेगळे समजावून सांगावे लागत नाही.

कळवण तालुका संविधानाच्या पाचव्या अनुसूचीच्या क्षेत्रात येतो. 1878 च्या वन कायद्याने राखीव जंगलाची रेषा आखली आणि कसणारा एका रात्रीत अतिक्रमण करणारा ठरला. 2006 च्या वनहक्क कायद्याच्या प्रास्ताविकेत वननिवासींवर ‘ऐतिहासिक अन्याय’ झाल्याची कबुली आहे. संसदेनेच ‘ऐतिहासिक’ हा शब्द वापरल्यावर तो अन्याय इतिहासाच्या तासाला का शिकविला जाऊ नये? या कायद्याखालील दावा ग्रामसभेपासून सुरू होतो. सरकारी नोंदी, नकाशे, शेताचे बांध, वंशावळ आणि गावातील वडीलधाऱ्यांचे लेखी कथन हे सारे त्यात पुरावे म्हणून ग्राह्य आहेत. इतिहासकाराची साधने नेमकी हीच असतात. पुरावा म्हणजे काय, तो कोठे शोधावा, कोणता कागद कोणी व कशासाठी लिहिला, हे ज्या मुलीला चौदाव्या वर्षी कळले, ती उद्या ग्रामसभेत आपल्या घरचा दावा कोणाच्याही मिंधेपणाविना वाचू शकेल. पोटाचा आणि जमिनीचा प्रश्न असा शाळेच्या फळ्याशी येऊन भिडतो.

यावर दोन आक्षेप घेतले जातात. पहिला असा की, आधी माहिती नको काय? अवश्य हवी. माहितीविना प्रश्न ही पोकळ वाचाळता होय. 1776 आणि 1865 ही दोन्ही साले ठाऊक नसलेला मुलगा मधल्या 89 वर्षांचा जाब विचारू शकत नाही. दुसरा आक्षेप परीक्षेचा आणि शिक्षकावरील ओझ्याचा. तो खरा आहे. म्हणूनच ही मागणी एकट्या शिक्षकाच्या माथी न मारता अभ्यासक्रम आणि प्रश्नपत्रिका ठरविणाऱ्यांकडे नेली पाहिजे.

मात्र एक इशारा स्वकीयांनाही देणे प्राप्त आहे. पक्षाच्या अभ्यासवर्गांत प्रश्न विचारले जातात. पण पुष्कळदा त्यांचे उत्तर वक्त्याच्या खिशात आधीच तयार असते. एक पोथी काढून दुसरी हाती देणे म्हणजे शिक्षण नव्हे. अमेरिका आणि कळवण यांत साम्य आहे तसा भेदही आहे. तेथे 1887 साली कायद्यानेच जमातीच्या जमिनीला वाट फोडली. येथे महाराष्ट्रात 1974 साली आदिवासींच्या हस्तांतरित जमिनी परत करण्याचा कायदा झाला. मग तो कायदा असूनही जमीन का निसटते, हा पुढचा प्रश्न मुलांनीच विचारावा आणि उत्तर चुकण्याचा त्यांचा हक्कही मान्य व्हावा. ज्याला शंका घेता येत नाही, तो सभेला गर्दी करील. चळवळ पुढे नेणार नाही.

मार्च 2018 मध्ये नाशिकहून मुंबईकडे सुमारे 180 किलोमीटर पायी निघालेल्या हजारो शेतकऱ्यांत आदिवासी मोठ्या संख्येने होते. वनजमिनीचा हक्क ही त्यांची प्रमुख मागणी होती. दहावीच्या परीक्षार्थींना अडथळा नको म्हणून त्यांनी अखेरचा टप्पा रात्रीतून चालून काढला. रक्ताळलेल्या पायांनी परीक्षेची बूज राखणाऱ्या त्या माणसांना शाळेने परतफेड काय केली? 2023 साली त्यांना पुन्हा रस्त्यावर उतरावे लागले. त्यांच्या चालण्याचा अर्थ ज्या पाठ्यपुस्तकात मुलांना शोधता येईल, ते पुस्तक घडविणे आणि तोवर गावोगावी सुटीच्या दिवशी तो प्रश्न घेऊन मुलांमध्ये बसणे, हे कार्यकर्त्यांचे आजचे काम आहे.