संगणक जपायचे ते चालते

म्यानातली तलवार तलवारच राहते. संगणकाचे तसे नाही. त्याची वीज तोडली, त्याला आज्ञा देणारी भोके पाडलेली कागदी पट्टी हरवली, की मागे उरते ते तारांनी भरलेले कपाट. म्हणून वस्तुसंग्रहालयांनी जुने संगणक जपायचे तर ते चालते जपावेत, असे माझे स्पष्ट मत आहे.

इंग्लंडमधील हार्वेलच्या अणुसंशोधन केंद्रात १९५१ साली एक संगणक सुरू झाला. वजन अडीच टन, आणि एका गुणाकाराला पाच ते दहा सेकंद! हातयंत्रावर आकडेमोड करणाऱ्या एका गृहस्थांनी त्याच्याशी शर्यत लावली. अर्धा तास ते बरोबरीने टिकले आणि मग थकले. यंत्र चालूच राहिले. १९५७ मध्ये हार्वेलला त्याची गरज उरली नाही, तेव्हा चक्क स्पर्धा ठेवली गेली : जे महाविद्यालय त्याचा उत्तम उपयोग सुचवील, त्याला यंत्र बक्षीस. (आपल्याकडे जुन्या सामानाची काय गत होते, ते सांगायला नकोच.) वुल्व्हरहॅम्प्टनच्या तंत्रमहाविद्यालयाने ते मिळवले आणि १९७३ पर्यंत वापरले. पुढे ते बर्मिंगहॅमच्या संग्रहालयात गेले व तेथून गोदामात. २००९ पासून ब्लेचली पार्क येथील संगणक-संग्रहालयाच्या स्वयंसेवकांनी तीन वर्षे खपून २०१२ च्या नोव्हेंबरात ते पुन्हा चालू केले. त्याच्या प्रत्येक डेकाट्रॉन नळीत दहा जागा असतात. नारिंगी ठिपका जेथे थांबेल तो अंक. बेरीज होताना ठिपके सरकतात. आजच्या संगणकाच्या पोटात काय चालते ते दिसत नाही. येथे बेरीज डोळ्यांसमोर घडते. बंद कपाटापुढे उभे राहून हे कुणाला कळणार?

चालवल्याने यंत्र झिजते, हा आक्षेप खोटा नाही. पण न चालवल्याने ते चालवणारी माणसे संपतात, आणि हे नुकसान मोठे. मोडीचे रुमाल दफ्तरात सुरक्षित आहेत. वाचणारे किती उरले? जेथे मूळ यंत्र राहिलेच नाही, तेथे प्रतिकृती करावी. मँचेस्टरच्या १९४८ च्या ‘बेबी’ची चालती प्रतिकृती १९९८ मध्ये उभी राहिलीच की!

मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्थेत रं. नरसिंहन यांच्या नेतृत्वाखाली ‘टिफ्रॅक’ हा संगणक घडला व १९६० साली कामाला लागला. त्याला हे नाव पंडित नेहरूंनी दिले. त्याची चालती प्रतिकृती का होऊ नये? खर्च मोठा आहे, हे कबूल. परंतु तरुणपणी ज्यांनी त्यावर काम केले, ते आज ऐंशीच्या पुढे आहेत. यंत्राला आज्ञा कशा लिहीत, चूक कशी शोधीत, रात्रपाळी कशी चाले, हे त्यांच्याकडून टिपून घ्यायला वही आणि पेन पुरेत. ते काम आपल्या कलाशाखेच्या विद्यार्थ्यांनाही जमेल, आणि ते याच वर्षी व्हायला हवे.