मायची हजेरी का बुडते?

1928 साली मुंबईच्या कायदे कौन्सिलात बाबासाहेबांनी ठणकावलं : बाळंतिणीला विसावा देणं देशाच्याच हिताचं. 1929 ला कायदा झाला, पण कारखान्यातल्या बाईपुरता. 2017 ला पगारी रजा 26 आठवड्यांची झाली. जळगाव-धुळ्याच्या कापसाच्या रानात मात्र ती पोचलीच नाही. तिथं वेचणीची मजुरी किलोवर. झोळीतलं पोर रडलं, माय पाजायला बसली, की वजन घटलं, पैसा घटला. बापाची हजेरी पोरापायी बुडत नाही. मी गोदीत गोणी उचलतो, मला ठाऊक आहे. दोस्तहो, रानातल्या मायसाठी बाळंतरजेचा पगार मागा. आणि घरी पोर आपणही सांभाळा. नाहीतर तिच्या लेखी आपणही मालकच!