आरंभीची शिल्लक

वाचकहो, तीन आठवड्यांपूर्वी रविवारी संध्याकाळी आमच्या वस्तीतला एक मुलगा घरी आला. आय. टी. आय.मधून इलेक्ट्रॉनिक्सचा कोर्स केलेला, नगरच्या एका गॅरेजमध्ये कामाला जाणारा. "जय भीम, काका. एक हिशेब विचारायचाय," म्हणाला. मी बी. कॉम. झालेला कारकून, वस्तीत कोणाचाही हिशेब अडला की तो माझ्याकडे येतो. पण या मुलाच्या हातात वही नव्हती. जुन्या अॅम्बॅसडर मोटारीचे स्पीडोमीटर फडक्यात गुंडाळून त्याने आणले होते.

मीटर कसे चालते हे आधी समजून घेऊ. आपल्या नगरला तयार होणारी लुना अनेकांच्या घरी होती. तिचे मीटर आठवा. चाकापासून वर मीटरपर्यंत एक काळी केबल गेलेली असे. मोटारीत ही केबल गिअरबॉक्समधून निघते. आतली तार चाकाबरोबर फिरते आणि तिच्या टोकाला मीटरमध्ये एक लोहचुंबक फिरतो. चुंबकावर अॅल्युमिनियमची छोटी वाटी पालथी असते, पण ती त्याला टेकत नाही. चुंबक फिरला की वाटीत भोवऱ्यासारखे विजेचे प्रवाह उत्पन्न होतात आणि वाटी त्याच्यामागे ओढली जाते. एक बारीक स्प्रिंग तिला अडवून धरते. वेग जास्त तेवढी ओढ जास्त आणि तेवढी सुई पुढे. जर्मनीच्या ओटो शुल्झे यांनी या युक्तीचे पेटंट १९०२ साली घेतले. पुढे अनेक दशके जगातल्या बहुतेक गाड्यांची सुई याच पद्धतीने हलली.

पण केबल सुकते, पिळते, तुटते. मग सुई थरथरते किंवा शून्यावर बसून राहते. जुन्या गाडीचा सुटा भाग लवकर मिळत नाही. म्हणून हल्ली असे करतात, की तबकडी, सुई, काच सगळे जुनेच ठेवायचे आणि पोटातले यंत्र तेवढे बदलायचे. गिअरबॉक्सपाशी लहान चुंबक व हॉल सेन्सर बसवतात. चुंबक समोरून गेला की सेन्सर विजेचा एक ठोका देतो. एक चिप हे ठोके मोजते आणि सुईमागच्या काडेपेटीहून लहान मोटारीला सांगते, एवढी फिर. बाहेरून पाहणाऱ्याला काही बदलले असे वाटतही नाही.

हिशेब सोपा आहे. अनेक जुन्या मीटरवर केबलचे एका मैलातले फेरे बारीक आकड्यांत छापलेले असतात. समजा ते १,००० आहेत आणि सेन्सर एका फेऱ्याला चार ठोके देतो. म्हणजे मैलाला ४,००० ठोके. एक मैल म्हणजे सुमारे १.६०९ किलोमीटर, तेव्हा किलोमीटरला सुमारे २,४८५ ठोके पडतात. टायर वेगळ्या मापाचे असतील तर हा आकडा बदलतो, म्हणून रस्त्यावर पडताळा घ्यावाच लागतो. त्याला महागडे यंत्र नको. मनमाड रोडला किलोमीटरच्या एका दगडापासून दुसऱ्यापर्यंत गाडी एकाच वेगाने चालवावी आणि शेजारी बसलेल्याने घड्याळ बघावे. ३,६०० ला सेकंदांनी भागले की ताशी वेग मिळतो. साठ सेकंद लागले तर वेग ६०, बहात्तर लागले तर ५०. आपल्या मुलांना एस. टी.च्या प्रवासात हे गणित घालून पाहा, पाढे आपोआप पाठ होतील.

जुन्या गाड्यांत आणखी एक खोच असते. काहींची बॅटरी सहा व्होल्टची असते, काहींत बॅटरीचे धन टोक सांगाड्याला जोडलेले असते. हे न पाहता चिप जोडली तर ती क्षणात जळते. हे सगळे त्या मुलाने बरोबर केले होते. मग अडले कुठे?

"काका, मोजलेला आकडा आता चिपमध्ये राहतो. गाडी बंद झाली तरी पुसत नाही. पण सुरुवातीला कोणता आकडा टाकायचा ते मी ठरवायचं. जुन्या चाकांवर ७१,६४० मैल आहेत. मालक म्हणतो चाळीस हजार टाक. त्याला गाडी विकायची आहे."

मी त्याला माझ्या धंद्यातली गोष्ट सांगितली. नव्या वर्षाची वही उघडताना पहिल्या ओळीवर आपण मनाने काही लिहीत नाही. जुन्या वहीची अखेरची शिल्लक ती नव्या वहीची आरंभीची शिल्लक. वही बदलली म्हणून देणे मिटत नाही. तसे मीटर बदलले म्हणून इंजिनाची झीज भरून येत नाही.

दुसरी गोष्ट माझ्या घरची. काही वर्षांपूर्वी धाकट्या भावासाठी आम्ही एका विक्रेत्याकडून जुना टेम्पो घेतला. मीटरवर ४२ हजार किलोमीटर होते. पतपेढीचे कर्ज आणि वहिनीची माळ त्यात गेली. चौथ्या महिन्यात इंजिन उघडावे लागले. मिस्त्री ब्रेकच्या पायटाकडे बोट दाखवून म्हणाला, "रबर बघा, पार गुळगुळीत. ही गाडी दोन लाखांच्या खाली चाललेली नाही." नवी गाडी घेणाऱ्याला कंपनीची हमी असते. जुनी घेणाऱ्या गरिबाला त्या आकड्यावाचून दुसरा साक्षीदार नसतो. तोच फितूर झाला तर त्याने कोणाकडे बघायचे?

मुलगा गप्प बसून ऐकत होता. आम्ही एक चिठ्ठी तयार केली. तारीख, जुन्या तबकडीवर दिसलेला आकडा ७१,६४० मैल, म्हणजे सुमारे १ लाख १५ हजार ३०० किलोमीटर, आणि बदल करणाऱ्याची सही. 'दिसलेला' हा शब्द मी मुद्दाम घातला. पाच चाकांचे मीटर ९९,९९९ नंतर पुन्हा शून्यावर येते; त्याआधी काय झाले ते आपण कसे सांगणार? चिठ्ठीची एक प्रत मीटरच्या मागे चिकटवायची व एक मालकाला द्यायची असे ठरले.

कायद्याच्या दृष्टीने गाडीला धोका नव्हता. २०२१ च्या नियमांप्रमाणे पन्नास वर्षांहून जुन्या दुचाकी-चारचाकीची विंटेज म्हणून नोंद होते. सांगाडा, बॉडी आणि इंजिन यांत बदल केलेला चालत नाही. मीटरचे पोट बदलणे त्यात येत नाही.

मालकाने चिठ्ठी वाचली आणि मीटर काढून घेऊन गाडी दुसरीकडे नेली. मुलाचे ठरलेले तीन हजार रुपये बुडाले. त्याची आई दुसऱ्या दिवशी दारात आली. "भाऊ, तुमच्या हिशेबानं पोराचे पैसे गेले. त्यात त्याच्या बहिणीची फी होती." मला चटकन उत्तर सुचले नाही. फीचे आम्ही चौघांनी मिळून भागवले, पण तिचा प्रश्न त्याने सुटत नाही. खोटा आकडा लिहायला सांगणाऱ्याचे काही गेले नाही, नकार देणाऱ्याचे गेले.

म्हणून वाचकहो, थोडा भार आपणही उचलू या. जुनी गाडी घेताना नुसता आकडा बघू नका. पायटाचे रबर, स्टिअरिंगची झीज, सर्व्हिसच्या पावत्या पाहा. विक्रेत्याकडून पावतीवर किलोमीटर लिहून घ्या. फसवणूक झाल्यास जिल्हा ग्राहक आयोगात तो कागद उपयोगी पडतो. आणि आपली गाडी विकताना तीच पावती आपणही द्या.

तो मुलगा आता वडिलांच्या जुन्या लुनावर तसेच मीटर बसवतो आहे. परवा मी विचारले, सुरुवातीला किती टाकलेस? तो हसून म्हणाला, "मागील पानावरून पुढे, काका."