गुणपत्रिका आणि प्रयोगशाळा

मराठवाड्यातील विज्ञानशिक्षणाचा विचार लातूरपासून सुरू करावा लागतो, कारण तेथील राजर्षी शाहू आणि दयानंद या महाविद्यालयांनी विसाव्या शतकाच्या अखेरीस वारंवार चाचण्या, सुट्टीतील जादा तास आणि उत्तरपत्रिकांची बारकाईने छाननी यांच्या बळावर जी अध्यापनपद्धती उभी केली आणि जी पुढे ‘लातूर पॅटर्न’ म्हणून राज्यभर ओळखली गेली, तिने बारावीच्या गुणवत्ता यादीतील मोठ्या शहरांच्या वर्चस्वाला आव्हान दिले आणि कोरडवाहू शेतकऱ्यांच्या मुलांना वैद्यकीय व अभियांत्रिकी शिक्षणाची वाट मोकळी करून दिली. हे श्रेय लहान नाही. मात्र ही पद्धती परीक्षेने विचारलेल्या प्रश्नाचे अचूक उत्तर देण्यासाठी घडलेली आहे. स्वतःला प्रश्न पडणे, त्यासाठी उपकरण जुळवणे आणि ते चालले नाही तर का चालले नाही हे शोधणे, या गोष्टींना तिच्या वेळापत्रकात जागा मिळाली नाही. बहुपर्यायी प्रश्नांच्या प्रवेशपरीक्षा निर्णायक झाल्यावर तर लातूर आणि नांदेड या दोन्ही शहरांत शिकवणीवर्गांचा व्याप वाढला आणि प्रयोगवही आणखी मागे पडली.

ही उणीव भरून काढण्याचा एक प्रयत्न पुण्यात उद्योगक्षेत्राकडून झाला आहे. रवी पंडित आणि किशोर पाटील यांच्या पुढाकाराने १९९० मध्ये सुरू झालेल्या आणि आज वाहनांसाठी संगणकप्रणाली घडवणाऱ्या केपीआयटी या कंपनीने ज्ञान प्रबोधिनी या शिक्षणसंस्थेच्या साहाय्याने ‘छोटे सायंटिस्ट्स’ हा उपक्रम शाळांत नेला, ज्यात कंपनीचे अभियंते स्वतः वर्गात जाऊन मुलांकडून साध्या साहित्याचे प्रयोग करून घेतात. आणि अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांसाठी तिने ‘स्पार्कल’ ही राष्ट्रीय स्पर्धा भरवली, ज्यात ऊर्जा आणि वाहतूक यांसारख्या प्रश्नांवर केवळ निबंध लिहून भागत नाही, तर कल्पनेचे चालते प्रारूप, म्हणजे तपासून पाहता येईल असा पहिला नमुना, करून दाखवावा लागतो. कंपनीला उद्याचे कुशल मनुष्यबळ हवे असते आणि त्यात गैर काहीच नाही. तिचा हेतू आणि विद्यार्थ्याचे हित येथे एकाच दिशेने जातात. तरीही या दोहोंपैकी शाळेतील उपक्रम अधिक मोलाचा मानला पाहिजे, कारण स्पर्धा आधीच तयार असलेल्याला निवडते, तर वर्गातील प्रयोग ज्याला आपण तयार होऊ शकतो हेच ठाऊक नव्हते, अशा मुलापर्यंत पोहोचतो.

असे उपक्रम पुणे परिसरात एकवटतात, याचे एक कारण कायद्यातही सापडते. कंपनी कायदा २०१३ च्या कलम १३५ नुसार ठरावीक आकारापेक्षा मोठ्या कंपन्यांना मागील तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या किमान २ टक्के रक्कम सामाजिक उत्तरदायित्वाच्या कामांवर खर्च करावी लागते आणि हा खर्च करताना कंपनीने स्वतःच्या कार्यक्षेत्राला प्राधान्य द्यावे, असेही तेच कलम सांगते. ज्या जिल्ह्यात कारखाने व कार्यालये नाहीत, त्याच्या वाट्याला हा निधी स्वाभाविकपणे कमी येतो. तथापि हे प्राधान्य मार्गदर्शक आहे, बंधनकारक नाही, असा खुलासा केंद्र सरकारनेच केला आहे. म्हणजे लातूर-नांदेडकडे येण्याची वाट कायद्याने अडवलेली नाही.

येथे पायाही तयार आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर याच ज्ञान प्रबोधिनीने भूकंपग्रस्त भागातील हराळी येथे निवासी शाळा उभी केली. नांदेडच्या विष्णुपुरीत १९८१ पासून श्री गुरु गोबिंदसिंगजी अभियांत्रिकी संस्था आहे. शेजारच्या हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ ‘लायगो-इंडिया’ ही वेधशाळा उभी राहणार असून तिला केंद्रीय मंत्रिमंडळाने एप्रिल २०२३ मध्ये सुमारे २,६०० कोटी रुपयांची मंजुरी दिली. परस्परांशी काटकोनात असलेल्या, प्रत्येकी ४ किलोमीटर लांबीच्या दोन निर्वात नळ्यांतून लेसर किरण पाठवून, गुरुत्वीय लहरींमुळे, म्हणजे कृष्णविवरांच्या टकरीसारख्या घटनांनी अवकाशात उठणाऱ्या तरंगांमुळे, त्या लांबीत होणारा प्रोटॉनच्या व्यासाहूनही कितीतरी सूक्ष्म फरक मोजणे, हे तिचे काम असेल. ज्या भूमीच्या हादऱ्याने हजारोंचे प्राण घेतले, तिच्याच एका भागाची वेधशाळेसाठी निवड भूकंपीय शांततेचा निकष लावून व्हावी, ही बाब भूगोलाच्या वर्गात शिकवण्याजोगी आहे. २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागलेल्या लातूरमध्ये भूजलाची पातळी मोजणे किंवा नळगळती शोधणे याहून मोठा प्रकल्पविषय विद्यार्थ्याला कोणता हवा? आणि ‘लायगो-इंडिया’ला तंत्रज्ञ लागतील, तेव्हा परिसरातील तरुण केवळ सुरक्षारक्षक म्हणून तेथे जाऊ नयेत.

म्हणून कंपन्यांकडे मागणे एकदिवसीय शिबिराचे किंवा बक्षीस समारंभाचे नाही. एका तालुक्यातील जिल्हा परिषद शाळा निवडून तेथे सलग काही वर्षे थांबावे, शिक्षकांना प्रशिक्षण द्यावे आणि संपणारे, तुटणारे साहित्य पुन्हा भरून देण्याची तरतूद करावी. कारण कुलूपबंद कपाटातील उपकरणे मराठवाड्याने पुरेशी पाहिली आहेत. पुण्याजवळच्या हिंजवडीत नोकरी करणारे या दोन जिल्ह्यांतील कितीतरी अभियंते दिवाळीला गावी येतात. त्यांनी याच सुट्टीत आपल्या जुन्या शाळेच्या मुख्याध्यापकांची गाठ घ्यावी, प्रयोगशाळेत काय आहे आणि काय नाही याची यादी करावी आणि परतल्यावर ती आपल्या कंपनीच्या सामाजिक उत्तरदायित्व विभागाकडे पोहोचवावी, अशी त्यांना या अंकाच्या वतीने आग्रहाची विनंती आहे.