जाळे एकाचे, पट्टा दुसऱ्याचा

मासेमारीच्या पट्ट्याचा प्रश्न कामगारांच्या मासिकात कशाला, असे काही सभासद बंधू विचारतील. उत्तर सरळ आहे. अंगमेहनत करून पोट भरतो तो कामगार. कारखान्यात त्याची नोंद मस्टरवर होते, तलावावर सोसायटीच्या रजिस्टरमध्ये होते, एवढाच फरक. आणि ज्याचे नाव नोंदीत नाही त्याला सरकार ओळखत नाही, हा अनुभव दोन्हीकडे एकच आहे.

भिलाई म्हटले की पोलाद कारखाना आणि चरोद्याचे यार्ड डोळ्यांसमोर येते. पण यार्डाचे कुंपण ओलांडले की खेडी लागतात आणि खेडे तेथे तलाव. सहा कोडी आणि वर सहा, म्हणजे १२६ तलाव असलेल्या गावांच्या कथा छत्तीसगडात आजही सांगतात. या तलावांवर केवट, ढीमर, निषाद समाज पिढ्यान् पिढ्या जगत आला. आपल्यापैकी पुष्कळांची मूळ गावे भंडारा-गोंदियाकडची आहेत. तिकडच्या मालगुजारी तलावांवरच्या धीवर बांधवांची कहाणीही हीच आहे.

मासेमारी आणि शिकार यांचे परवाने लोक एकाच दमात बोलतात, पण त्यांत मोठा फरक आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात शिकारीचे निरनिराळे परवाने होते. मोठ्या जनावरांच्या शिकारीचा परवाना हा बंदूकवाल्यांचा शौक होता. १९९१ च्या दुरुस्तीने ही परवाना पद्धत बंद झाली, ते योग्यच झाले. फासे लावून जगणाऱ्या पारध्यांचा धंदा मात्र बुडाला आणि त्यांच्या पोटापाण्याकडे पुरेसे लक्ष कुणी दिले नाही. मासेमारी शौकाची नाही, ती रोजच्या भाकरीची आहे. म्हणून तिचा परवाना कोणाच्या हाती पडतो याला महत्त्व आहे.

मालगुजारी गेली तेव्हा, १९५१ साली, तलाव सरकारजमा झाले. मालगुजाराच्या जागी सरकारी कचेरी आली. पुढे ७३ व्या घटनादुरुस्तीने मत्स्यव्यवसाय हा विषय पंचायतींकडे सोपवण्याच्या यादीत घातला. आपल्याकडे १० हेक्टरपर्यंतचा तलाव ग्रामपंचायतीकडे आणि त्यापुढे १०० हेक्टरपर्यंतचा जनपद पंचायतीकडे, अशी वाटणी आहे. छत्तीसगड शासनाच्या २०२२ च्या मत्स्यपालन धोरणात लिलावाऐवजी पट्टा आणि वंशपरंपरागत मच्छीमारांना प्राधान्य असे तत्त्व आहे. कागदावर हे सारे उत्तम आहे.

प्रत्यक्षात काय घडते? पट्टा सोसायटीला मिळतो. पट्ट्याची रक्कम भरायची, मत्स्यबीज टाकायचे, राखण ठेवायची, याला पैसा लागतो. तो सोसायटीजवळ नसतो. मग एखादा व्यापारी पुढे येतो. पैसा तो भरतो आणि माल त्याच्या भावाने उचलतो. पहाटे थंड पाण्यात उतरणाऱ्याला किलोमागे मजुरी मिळते. सभासदांच्या यादीत अध्यक्षाचे भाऊ-भाचे असतात, ज्यांनी जाळ्याला कधी हात लावला नाही. खरा मच्छीमार आपल्याच तलावावर ठेकेदाराचा मजूर होतो. नाव घालून घ्यायला तो कचेरीत जातो तर आज साहेब दौऱ्यावर, उद्या शिक्का नाही, परवा ठराव नाही. प्रत्येक खेपेला एक रोज बुडतो.

रेल्वेत आपण हे दोन्ही प्रकार पाहिले आहेत. स्टेशनवरच्या हमालाच्या दंडावर बिल्ला असतो. तो त्याचा स्वतःचा, त्यावर त्याचा नंबर. २००८ च्या रेल्वे अर्थसंकल्पात हमालांना गँगमन म्हणून घेण्याची घोषणा झाली, तेव्हा बिल्ला हाच त्यांचा पुरावा ठरला. त्याच फलाटावर चहा विकणाऱ्या पोराचे लायसन मात्र ठेकेदाराच्या नावावर असते. उभा जन्म फलाटावर काढूनही त्याच्या हाती काही लागत नाही. तलावावरचा मच्छीमार आज चहावाल्याच्या जागी उभा आहे. त्याला हमालाच्या जागी आणायचे आहे.

नाव नसल्याने किती नुकसान होते ते पाहा. १६ जून ते १५ ऑगस्ट हा माशांच्या पैदाशीचा काळ. या दिवसांत छत्तीसगडात मासेमारीला बंदी असते. बंदी रास्त आहे, पण पोटाला बंदी नसते. २०२० साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजनेत अशा दिवसांसाठी तरतूद झाली. मच्छीमाराने १,५०० रुपये साठवायचे, सरकारने ३,००० घालायचे आणि तीन महिन्यांत ४,५०० त्याला द्यायचे. त्याच योजनेत अपघाती मृत्यूस ५ लाखांचा विमा आला. पण ही मदत पोचते ती नोंद असलेल्या मच्छीमाराला. रजिस्टरवर ठेकेदाराचा मेहुणा असेल तर बुडून मेलेल्याच्या विधवेने कोणते कागद दाखवायचे?

अधिकारी म्हणतात, या लोकांना व्यवहार जमत नाही, व्यापारी लागतोच. त्यांनी तवा धरण आठवावे. तेव्हाच्या होशंगाबाद जिल्ह्यातील या जलाशयाने उठवलेल्या आदिवासींनी ठेकेदाराविरुद्ध लढा दिला. १९९६ मध्ये त्यांच्या सहकारी संघाला मासेमारीचा हक्क मिळाला आणि दहा वर्षे त्यांनी तो स्वतः चालवला. मासे पकडणे, वजन, विक्री, हिशेब, सारे त्यांनीच केले. २००६ नंतर तो हक्क पुढे मिळाला नाही, कारण जलाशय व्याघ्र प्रकल्पाच्या हद्दीत येत होता. म्हणजे अडचण व्यवहार न जमण्याची नव्हती. भांडवलाचे म्हणाल तर २०१८ च्या केंद्रीय अर्थसंकल्पाने किसान क्रेडिट कार्ड मच्छीमारांनाही लागू केले. पण बँकही विचारते, पट्टा कोणाच्या नावावर?

म्हणून आपल्या मागण्या अशा असाव्यात:

१. सोसायटीची सभासद यादी दरवर्षी ग्रामसभेत मोठ्याने वाचावी. जो जाळे टाकत नाही त्याचे नाव काढावे.

२. प्रत्येक मच्छीमाराला, आणि मासळी विकणाऱ्या बहिणींनाही, स्वतःच्या नावाचे ओळखपत्र द्यावे.

३. पट्टा मिळालेल्या सोसायटीने तलाव परस्पर दुसऱ्याला चालवायला दिला तर पट्टा रद्द व्हावा. तो पुन्हा गावातील खऱ्या मच्छीमारांनाच द्यावा.

४. बंदीच्या काळातील रक्कम बंदी उठण्यापूर्वी हातात पडावी.

५. अर्जाची तारखेसह पोच द्यावी आणि नाकारल्यास कारण लेखी कळवावे.

या कामी आपल्या शाखांनी वाटा उचलावा. आपल्याला अर्ज लिहिता येतो, माहितीच्या अधिकाराचा २००५ चा कायदा ठाऊक आहे, साहेबासमोर खुर्चीत बसून बोलायची सवय आहे. महिन्यातला एक रविवार प्रत्येक शाखेने जवळच्या एका तलावावर द्यावा. सभासद यादीची नक्कल मागावी आणि घाटावर उभे राहून ती प्रत्यक्ष माणसांशी ताडून पाहावी. खोटी नावे तेथल्या तेथे उघडी पडतील.

ठेकेदारी यार्डात वाईट आणि तलावावर चांगली, असे होत नाही. आपण एकीकडे तिच्याशी लढायचे आणि दुसरीकडे डोळेझाक करायची, हे संघटनेला शोभणारे नाही.